सिस्टर जर्मनीत उतरते, ती कोण म्हणून?

मा. मेघनाताई साकोरे-बोर्डीकर,
राज्यमंत्री, सार्वजनिक आरोग्य, तथा पालकमंत्री, परभणी जिल्हा



हे पत्र चार खात्यांच्या मधल्या फटीत पडू नये म्हणून तुम्हाला लिहिते आहे. जर्मनीला मनुष्यबळ पाठवण्याची योजना शालेय शिक्षण विभागाकडे, परिचारिका घडवण्याचे काम वैद्यकीय शिक्षणाकडे, त्यांना दवाखान्यात नेमण्याचे तुमच्या आरोग्य खात्याकडे आणि परदेशी भरती करणाऱ्या एजंटांवर नजर ठेवण्याचे दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाकडे. मुलगी मात्र एकच असते, आणि ती जिंतूरची, पालमची नाहीतर सोनपेठची असते. तुमच्याकडे आरोग्य खातेही आहे आणि जिल्ह्याचे पालकत्वही. म्हणून पत्ता तुमचा.

माझी सगळी नोकरी परिचारिकांना शिकवण्यात गेली, पाठ्यनिर्देशिका म्हणून निवृत्त झाले. मुली अजून घरी येतात. पूर्वी भरतीच्या परीक्षेआधी औषधांचे हिशोब विचारायला यायच्या. आता हातात छापील कागद घेऊन येतात. मागे एक आली, जीएनएम ही परिचर्येची पदविका झालेली, खासगी आयसीयूत काम केलेली. सोबत आई-वडील. करारपत्र एका बाजूला जर्मन, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. आईने पिशवीतून ते काढले तेव्हा त्याची घडी इतक्या वेळा उलगडून झाली होती की घडीवरची अक्षरे पुसट झाली होती. वडील पगाराचे काही विचारेनात. त्यांचा एकच प्रश्न होता, “मॅडम, तिथं पर्मनंट व्हतंय का?”

मी पदाचा रकाना शोधला. तिथे ‘फ्लेगेहेल्फरिन’ लिहिले होते, म्हणजे शुश्रूषा मदतनीस. आयसीयूतली सिस्टर करारावर मदतनीस झाली होती, आणि हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर त्या एका शब्दात अडकले होते.

ताई, फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात 10,000 जणांना पाठवायचे, जर्मन भाषा सरकारी खर्चाने शिकवायची असे ठरले. जुलैत शासन निर्णय निघाला. यादीत परिचारिका आहेत, प्रयोगशाळा सहायक आहेत, वृद्धांची शुश्रूषा करणारे आहेत, आणि त्यांच्याच रांगेत इलेक्ट्रिशियन, गवंडी, ड्रायव्हर, स्वयंपाकीही आहेत. एजंटाला लाखो रुपये न देता, सरकारच्या हाताला धरून जाता येईल ही कल्पना मला मनापासून पटली. आजही पटते. पण ही यादी करणाऱ्याने एक गोष्ट लक्षात घेतली नाही. स्वयंपाकी जर्मनीत उतरला की दुसऱ्या दिवशी स्वयंपाकीच असतो. सिस्टर तशी नसते. तिथे परिचारिका हा कायद्याने बांधलेला व्यवसाय आहे. आपली पदवी त्यांच्या पदवीच्या तोडीची आहे असा निर्वाळा तिथल्या सरकारी कार्यालयाकडून मिळेपर्यंत तिला सिस्टर म्हणून काम करता येत नाही.

हा निर्वाळा कसा मिळतो ते थोडे विस्ताराने सांगते, कारण सगळी गोम इथेच आहे. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये परिचारिकांचे अर्ज श्टुटगार्टच्या प्रशासकीय कार्यालयात जातात. तिथे आपल्या अभ्यासक्रमाचे तास त्यांच्या तासांशी लावून पाहतात. थिअरी किती, वॉर्डातले प्रत्यक्ष काम किती, वृद्धांच्या शुश्रूषेत किती, बालरोग विभागात किती. आपल्याकडे नातेवाईकच उशाशी बसतात, त्यामुळे वृद्धांची शुश्रूषा हा वेगळा विषय म्हणून आपण कधी फारसा शिकवला नाही. मग पत्र येते, अमुक ठिकाणी तूट आहे. ती भरायला दोन वाटा. एकतर तिथे काम करत करत ठरावीक मुदतीचा पूरक अभ्यासक्रम करायचा, नाहीतर तोंडी आणि प्रात्यक्षिक ज्ञानपरीक्षा द्यायची. शिवाय जर्मन भाषा बी2 पातळीपर्यंत. हे सगळे होईपर्यंत करारावर ‘मदतनीस’.

आता पगार पाहा. जुलै 2025 पासून जर्मनीत शुश्रूषा क्षेत्रातले किमान वेतन अप्रशिक्षित मदतनीसाला तासाला 16.10 युरो, वर्षभराचे प्रशिक्षण झालेल्या मदतनीसाला 17.35 आणि परिचारिकेला 20.50 असे ठरले. सगळ्यात खालच्या आणि वरच्या आकड्यात महिन्याच्या 160 तासांना 700 युरोंवर फरक पडतो. पण पैसा हा दुय्यम भाग. कायम निवासाचा परवाना मिळायला जर्मन कायदा कुशल कर्मचाऱ्याची 3 वर्षे मोजतो. पूर्वी 4 मोजायचा. सोबत 36 महिन्यांची पेन्शन वर्गणी आणि बी1 जर्मन. ही 3 वर्षे कुशल कर्मचारी म्हणून मिळालेल्या परवान्यावरची. मान्यता मिळवण्यासाठी जो वेगळा परवाना मिळतो त्यावर काढलेला काळ यात धरला जात नाही. म्हणजे फ्रँकफर्टला विमानातून उतरल्या दिवसापासून मुदत मोजली जाते असे जे इथे सगळे गृहीत धरतात, ते खोटे आहे. ज्या दिवशी ती कागदावर सिस्टर होते, त्या दिवसापासून मोजणी. मान्यता आठ महिन्यांत मिळाली तर एक हिशोब, बी2 मध्ये अडकून दोन वर्षे गेली तर दुसरा. आणि दरम्यान नवऱ्याला, मुलांना बोलावणेही अवघडच.

भाषेबद्दल एवढेच सांगते की बी2 म्हणजे दुकानात भाव विचारण्याइतके जर्मन नव्हे. रात्रपाळी संपवून दुसऱ्या सिस्टरला रुग्णाचा अहवाल द्यायचा, डॉक्टरने फोनवर सांगितलेला डोस चुकू द्यायचा नाही, विसराळू झालेल्या आजोबांनी बोली भाषेत केलेली तक्रार समजून घ्यायची. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण अशा चार भागांत परीक्षा. रात्रपाळीवर असलेली मुलगी दुपारी होस्टेलच्या जिन्यात बसून मोबाईलवर ‘डेर, डी, डास’ घोकताना मी पाहिली आहे. हुशार आहेत आपल्या मुली. पण बी2 ला कोणी शिक्षक लागतो, आणि वर्ग ए1-ए2 या आधीच्या पातळ्यांवर थांबला तर ती सुटली असे नाही, अडकली.

आणखी एक गोष्ट जाण्याआधी कोणी सांगत नाही. आपल्याकडे सिस्टर विगो लावते, सलाईन जोडते, इंजेक्शन देते. रुग्णाला आंघोळ घालणे, भरवणे, बेडपॅन देणे हे मावशी करतात, नाहीतर नातेवाईक. जर्मनीत बरोबर उलटे. सुई टोचण्याची बरीच कामे तिथे डॉक्टरच्या हातात, आणि अंग पुसणे, कूस बदलणे, भरवणे हे सिस्टरचेच, पदवीधर सिस्टरचेही. आपल्या मुलींना पहिल्या महिन्यात हा अपमान वाटतो. तो अपमान नाही, त्यांच्याकडे शुश्रूषा म्हणतात ती हीच. पण हे परभणीत कळले तर मन तयार होते, तिथे कळले तर रात्री आईला फोन जातो.

कागदावरच्या पदाने काय बदलते याचे ब्रिटनचे उदाहरण ताजे आहे. तिथे 5 वर्षांनी कायम निवास मिळत असे. मे 2025 मध्ये सरकारने ही मुदत सरसकट 10 वर्षे करण्याचा प्रस्ताव मांडला. नोव्हेंबरमध्ये तपशील आले तेव्हा सरकारी आरोग्यसेवेतल्या डॉक्टर-परिचारिकांसाठी 5 वर्षेच ठेवण्याचे म्हटले, आणि कमी कौशल्याच्या गटात टाकलेल्या केअर वर्करांसाठी 15. त्याआधी जुलैतच परदेशातून नवे केअर वर्कर आणणे बंद झाले होते. भारतातून गेलेल्या कितीतरी शिकलेल्या परिचारिका एजंटाच्या सांगण्यावरून केअर वर्करच्या व्हिसावर गेल्या होत्या, कारण त्याला परीक्षा कमी. एकाच वर्गातल्या दोन मैत्रिणी, एक नोंदणीकृत परिचारिका म्हणून गेली, दुसरी केअर वर्कर म्हणून. त्यांच्यामध्ये आता 10 वर्षांचे अंतर पडू शकते. देश बदलला तरी रकाना तोच.

बाकी देशांचे थोडक्यात. न्यूझीलंडने डिसेंबर 2022 मध्ये नोंदणीकृत परिचारिकांना थेट निवासाची वाट उघडली, पण नोकरीचा प्रस्ताव हातात लागतो आणि पुढे तिथल्या सरकारी रुग्णालयांनीच भरती आवळली. अमेरिकेत परिचारिकांना ग्रीन कार्डाच्या अर्जाची एक मोठी पायरी माफ आहे, तरी प्रत्येक देशाला ठरवून दिलेल्या वाट्यामुळे भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. एनक्लेक्स ही तिथली परिचारिकांची परीक्षा पास झाली म्हणून पेढे वाटणाऱ्या घरी हे कोणी सांगत नाही. आखाती देशांत पगार चांगला, करमुक्त, पण साध्या सिस्टरला तिथे कायम राहण्याची वाटच नाही. नोकरी संपली की परवाना संपला. दुबईच्या सरकारी आरोग्यसेवेने 2025 मध्ये 15 वर्षांवर सेवा झालेल्या परिचारिकांना गोल्डन व्हिसा जाहीर केला, तोही 10 वर्षांचाच. सौदीला जाऊन घर बांधायचे, बहिणींची लग्ने करायची आणि परत यायचे असेल तर ती वाट सरळ आहे, मी कुणाला अडवत नाही.

एजंटांविषयी. आपल्या गंगाखेड, सोनपेठ, पाथरी भागाला स्थलांतर नवे नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि मुकादम काय चीज असते हे पोरांनाही ठाऊक असते. पण मुकादम निदान उचल देतो. हा नवा मुकादम उचल घेतो. जमीन गहाण, सोने गहाण, पतसंस्थेचे कर्ज. कायदा सांगतो की 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी असल्याशिवाय परदेशी नोकरीसाठी भरती करता येत नाही, आणि नोंदणीकृत एजंटालाही उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. नोंदणीकृत एजंटांची यादी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कोणालाही दिसते. केरळात 2015 मध्ये कुवेतच्या भरतीत एका एजन्सीने 19,500 च्या जागी 19.5 लाख घेतल्याचे प्रकरण गाजले. त्याच वर्षी केंद्राने आखातासह 18 देशांत परिचारिका पाठवायचे काम सरकारी संस्थांकडे सोपवले. केरळकडे परदेशी भरती करणारी ओडेपेक ही सरकारी संस्था 1977 पासून आहे, अनिवासी केरळींसाठीची नोरका आहे, आणि जर्मनीच्या ‘ट्रिपल विन’ योजनेत नोरकाने डिसेंबर 2021 मध्ये करार केला. त्यात भरतीचा खर्च परिचारिकेवर नाही, मालकावर. खुद्द जर्मनीत परदेशी परिचारिकांच्या न्याय्य भरतीसाठी सरकारी शिक्का आहे आणि त्याची मुख्य अट हीच आहे. परभणीतल्या बापाला हे कळण्याची सोय कुठे आहे? क्लासच्या भिंतीवरच्या फ्लेक्सवर विमान असते, शिक्का नसतो.

आता तुमच्याच खात्याकडे वळते. मुली का जातात याचे उत्तर जर्मनीत कमी आणि इथे जास्त आहे. जुलै 2025 मध्ये राज्यातल्या परिचारिका आझाद मैदानावर आल्या, संपावर गेल्या, कंत्राटी भरतीच्या विरोधात. पुढच्याच महिन्यात राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी उतरले. त्यांची मागणी मार्च 2024 च्या शासन निर्णयाच्या अंमलबजावणीची होती, ज्यात 10 वर्षे कंत्राटी सेवा झालेल्यांच्या समायोजनाचे आश्वासन आहे. बघा, ताई. परक्या देशात, परक्या भाषेत, मान्यता मिळाल्यावर 3 वर्षांत कायम राहण्याचा हक्क; आणि आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात, आपल्याच भाषेत 10 वर्षे काढल्यावर आश्वासन, तेही संप केल्यावर आठवणारे. अशा वेळी कोणी मुलींना ‘देश सोडून चालल्या’ म्हणून हिणवले की मला राग येतो. रमाबाई रानड्यांनी पुण्याच्या सेवासदनातून मुलींना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवले तेव्हाही घराबाहेर चालल्या म्हणून ओरड झालीच होती.

तरी जिल्ह्याचे नुकसान होते हे मी नाकारत नाही. परभणीला 2023 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. खाटा वाढतील तशा सिस्टर जास्त लागतील, आणि नेमक्या अनुभवी, आयसीयू सांभाळणाऱ्याच आधी जातात. जागतिक आरोग्य संघटनेची 2010 ची आचारसंहिता म्हणते की मनुष्यबळ नेणाऱ्या देशाने देणाऱ्याच्या आरोग्यव्यवस्थेलाही हातभार लावावा. बंधनकारक नाही, पण करार करताना मागायला काय हरकत आहे? बाडेन-वुर्टेम्बर्ग श्रीमंत राज्य आहे, मर्सिडीज आणि बॉशचे. म्हणून माझे पहिले मागणे, त्यांनी परभणीत वृद्ध शुश्रूषेची एक स्किल लॅब उभारावी आणि बी2 पर्यंत शिकवणारा एक जर्मन शिक्षक द्यावा. जाणाऱ्या मुलीची तूट इथेच भरून निघेल, आणि न जाणाऱ्या दहा जणी त्याच लॅबमध्ये शिकून आपल्या आजोबा-आजींना नीट सांभाळतील. श्टुटगार्टच्या पत्रात जे तास कमी पडतात ते इथे भरून काढता आले तर तिकडचा वेळ वाचतो.

दुसरे, कागद. आज बीएस्सी झालेल्या मुलीचे तासवार गुणपत्रक विद्यापीठातून, म्हणजे नाशिकहून. नोंदणीची पडताळणी परिचर्या परिषदेकडून, म्हणजे मुंबईहून. भाषेची परीक्षा पुण्याला. तपोवन एक्स्प्रेसने नाशिक-मुंबई एका वाटेत होतात एवढेच काय ते सुख, पुण्याची गाडी निराळी. रात्रपाळीच्या मुलीला प्रत्येक खेपेला रजा मागावी लागते. महिन्यातून एक दिवस ही तिन्ही टेबले जिल्ह्यात लागली तर निम्मे एजंट उपाशी मरतील. कारण एजंट खरे तर विकतो काय? कागद कुठे मिळतो ही माहिती.

तिसरे म्हणजे हिशोब. दहा हजारांपैकी परभणी जिल्ह्यातून जर्मन वर्गाला किती जण बसले, किती जण बी1 ला, किती बी2 ला पोहोचले, किती प्रत्यक्ष गेले, कोणत्या पदावर गेले आणि त्यातल्या किती जणींना परिचारिका म्हणून मान्यता मिळाली, हे जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लावा. आकडा लहान असला तरी चालेल. ‘गेले किती’ हा एकच आकडा सांगून काम भागत नाही. करारपत्राचा नमुनाही लावा, मराठीत. त्यात पदाचा रकाना ठळक असू द्या. मान्यतेचा अर्ज विमानात बसण्याआधी दाखल झाला का, बी2 चा खर्च आणि अभ्यासाचे तास मालक देणार का, मान्यता मिळाल्या महिन्यापासून पगार किती वाढेल, नोकरी मध्येच सोडली तर किती भरपाई मागतील, हे सगळे त्यात स्पष्ट लिहिलेले असू द्या.

आणि वडिलांच्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारे एक पान हवे. कायम निवास म्हणजे नागरिकत्व नव्हे, भारतीय पासपोर्ट तसाच राहतो. सहा महिन्यांहून जास्त काळ जर्मनीबाहेर राहिले तर तो परवाना रद्द होऊ शकतो. बाळंतपणाला त्याहून जास्त दिवस माहेरी राहायचे तर आधी तिथल्या कार्यालयात मुदत वाढवून घ्यावी लागते. पुढे 5 वर्षांनी नागरिकत्व घेता येते, जर्मनीची दोन पासपोर्टना हरकत नाही, पण भारताची आहे. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना ओसीआय कार्ड मिळते, त्यावर शेतजमीन वारसाने येऊ शकते, विकत घेता येत नाही. मार्च 2024 नंतर कुशल कर्मचारी म्हणून परवाना मिळालेल्यांना आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांनाही नेण्याची वाट कायद्याने उघडली आहे, मात्र त्यांचा आरोग्यविमा उतरवताना दमछाक होते. पालमच्या घरात रात्री जेवताना हेच विषय निघतात, आणि यातले एकही वाक्य मला सरकारी पत्रकात सापडले नाही.

त्या मुलीला मी सही करू नकोस म्हटले नाही. मालकाला लिहून विचार म्हटले, मान्यतेचा अर्ज कोण भरणार आणि कधी. तिने विचारले. उत्तर यायला महिना लागला, पण आले, आणि कराराला एक पुरवणी जोडली गेली. एका ईमेलने जे झाले ते सरकारी करारात पहिल्याच दिवशी घालता येते.

टेबल लागणार असेल तर तासवार गुणपत्रकाचे काम मी बिनपगारी करीन. कोणता विषय कोणत्या सत्रात किती तास शिकवला हे मला तोंडपाठ आहे. फक्त बसायला खोली आणि एक चालणारा प्रिंटर द्या.

आपली विश्वासू,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका,
परभणी